दिवेलागणीचं मीठ

बर्फ सुंदर असतो असं म्हणणाऱ्याच्या हातात आधी फावडं द्यावं आणि मग त्याचं मत विचारावं. इथे लंडनजवळ हॅरोला आता वर्षाकाठी बोटभर बर्फ पडतो. लोक त्याचे फोटो काढून पुण्याला पाठवतात आणि दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. मी ज्या बर्फाबद्दल लिहितेय तो यॉर्कशरच्या डोंगरातला, गुडघ्याच्या वर येणारा, वरून भुसभुशीत आणि तळाशी ओल्या वाळूसारखा जड, आणि आमच्या ड्राइव्हवरून तो काढायचं काम माझं होतं. ड्राइव्ह म्हणजे घरासमोरची दोन गाड्या मावतील अशी फरसबंद जागा डोळ्यांसमोर आणू नका. आमचा ड्राइव्ह म्हणजे खालच्या रस्त्यापासून डोंगरावर चढत जाणारी, खडी टाकलेली, दोनेकशे पावलांची वाट होती. मध्यावर एक वळण, आणि वळणावर असा चढ की भर उन्हाळ्यातसुद्धा बाबा तिथे गाडी पहिल्या गियरमध्ये टाकायचे. वळणाच्या जरा वर आमचं फाटक होतं, आणि त्याच वाटेनं आणखी वर गेलं की मिस्टर थ्वेट यांचं शेतघर. वाट त्यांच्या मालकीची, आम्हाला तिच्यावरून नुसता जाण्यायेण्याचा हक्क. तो हक्क कागदावर होता, आणि बर्फ पडला की कागदाचा काही उपयोग नसतो.

आईबाबा मूळचे वाईचे, पण माझी आठवण लंडनजवळच्या स्लाऊपासून सुरू होते. बाबा तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. मी तेरा वर्षांची असताना त्यांना डोंगरातल्या एका चीजच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियरची जागा मिळाली. पगार फारसा वाढला नव्हता. मला वाटतं बाबांना पगारापेक्षा ‘इंजिनियर’ हा शब्दच आवडला असावा. स्लाऊमध्ये आईला इंग्रजी कधी लागलंच नव्हतं. वाणी पंजाबी, डॉक्टर गुजराती, शेजारीण कोल्हापूरची, आणि बसमध्ये नाणी पुढे केली की काम भागायचं. डोंगरात आल्यावर मात्र तिच्या आणि जगाच्या मध्ये मी एकटी उरले. गॅसवाला आला की मी, बँकेचं पत्र आलं की मी, तिची दाढ दुखली की तिच्या तोंडात डॉक्टरचा आरसा आणि बाहेर बोलायला मी. मला त्याचा मनस्वी संताप यायचा. ती मला भर दुकानात मोठ्यांदा मराठीत सांगायची, ‘त्याला विचार, हा कोबी कालचा आहे का’, आणि मी त्या माणसाला विचारायचे, किती झाले. शाळेत पालकसभा झाली तेव्हा शिक्षिका म्हणाल्या, मुलगी वर्गात बोलते फार. मी आईला सांगितलं, मुलगी वर्गात बोलते फार छान. आईनं त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला, आणि त्या बिचाऱ्यांनीही गोंधळून हात जोडले. ही गोष्ट मी इतकी वर्षं गंमत म्हणून सांगत आलेय, आणि लोक हसतातही.

थ्वेट हे नाव आईच्या जिभेवर बसेना, तेव्हा तिनं त्यांचं थोटे करून टाकलं. ‘थोट्यांचा कुत्रा भुंकतोय’, ‘थोट्यांनी आज धूर फार केलाय’, असं ती म्हणायची तेव्हा ते वाईच्या गणपती आळीत राहत असावेत असं वाटायचं. माणूस मात्र काही शेजारपाजारातला नव्हता. साठीचा, वाकलेला, गालांवर लाल शिरांचं जाळं, आणि आमच्या घराकडे बघायचं झालं तर आरपार पलीकडचं शेत दिसतंय असं बघायचा. आमचं घर पूर्वी त्यांच्या गड्याचं होतं. वाटणीत ते त्यांच्या भावाच्या वाट्याला गेलं आणि भावानं यांना न विचारता विकलं. म्हणजे त्यांचं खरं भांडण भावाशी, आणि भाऊ ऑस्ट्रेलियात. आमच्या जागी कुणी गोरं कुटुंब आलं असतं तर ते त्यांच्याशी गोड वागले असते असं मला तेव्हा ठामपणे वाटायचं. आता तितकंसं ठाम वाटत नाही. ते कुणाशीच गोड वागण्यातले नव्हते.

त्यांची बायको वेगळी होती. बारीक, पिवळट, नेहमी खिडकीत, आणि मी फाटकातून बाहेर पडले की हात वर करायची. तिच्या किडन्या गेल्या होत्या. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला हॉस्पिटलची गाडी तिला डायलिसिसला न्यायला वरपर्यंत यायची आणि दुपारी आणून सोडायची. त्या गाडीचे दिवे माझ्या खोलीच्या छतावरून सरकत जायचे, त्यावरून मला वार कळायचा.

हिवाळ्यात आमचं उघड युद्ध व्हायचं. थ्वेट आपल्या जुन्या ट्रॅक्टरला पुढे लोखंडी पातं लावून वरून खाली बर्फ ढकलत आणत, आणि तो सगळा ढीग वळणाशी, म्हणजे बरोबर आमच्या फाटकाच्या तोंडाशी साचे. पहिल्या वर्षी बाबांनी जाऊन नीट सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी टेप घेऊन ढिगाची लांबी, रुंदी आणि उंची मोजली, कारखान्याच्या टाइपरायटरवर एक पत्र तयार केलं आणि ते थ्वेट यांच्या पत्रपेटीत टाकलं. पत्राचं इंग्रजी इतकं शुद्ध होतं की त्यातला अपमान लपत नव्हता. उत्तर आलं नाही. पुढच्या बर्फाला ढीग आणखी हातभर उंच झाला. बाबांनी दुसरं पत्र लिहिलं. असे दोन हिवाळे गेले. आई म्हणायची, ‘अहो, पत्रं कसली लिहिताय, एक डबा घेऊन जाऊन या,’ आणि बाबा म्हणायचे, तू यात पडू नकोस.

पुढच्या शरदात बाबांनी शेतीमालाच्या दुकानातून वाटेवर टाकायच्या मिठाची तीन पोती आणली. हे खाणीतलं मीठ, तपकिरी, खड्यांचं, मातकट. आईला त्यानं फार संकटात टाकलं. मीठ ते मीठ, रंग कुठलाही असो, आणि मीठ पायदळी तुडवायचं नसतं. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचून घ्यावं लागतं हे तिनं मला लहानपणी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी ताटात मीठ घेतानाही श्वास रोखायचे. इथे तर बाबा मुठीमुठीनं ते वाटेवर फेकायचे आणि वर बुटानं पसरायचे. ती दारात उभी राहून पुटपुटायची. पोती तिनं पोर्चमध्ये फळीवर, चपलांपासून लांब ठेवायला लावली होती. कुणाला मीठ हातात द्यायचं नाही, त्यानं भांडण होतं, आणि दिवेलागणीनंतर तर घरातून मीठ द्यायचंच नाही, लक्ष्मी जाते, हेही तिचे नियम होते. स्लाऊला कोल्हापूरच्या काकू कधी संध्याकाळी वाटी घेऊन आल्या तर त्यांनाही ते ठाऊक असायचं. दोघी मिळून त्यातून वाट काढायच्या. आई मिठाचा डबा ओट्यावर ठेवायची आणि पाठ फिरवायची. काकू आपल्या हातानं घ्यायच्या. दिलंही नाही आणि अडलंही नाही.

मी सतरा वर्षांची असताना जो बर्फ पडला तसा आधीही पडला नव्हता आणि नंतरही मी पाहिला नाही. शनिवारी दुपारी सुरू झाला तो रविवारभर थांबला नाही. बाबा शनिवारच्या पाळीला गेले ते खालीच अडकले आणि कारखान्यात झोपले. फोनवर त्यांनी मला दोन सूचना दिल्या, पाइप गोठू देऊ नकोस आणि थ्वेटशी बोलू नकोस. घरात आई आणि मी. बाहेरचा आवाज म्हणाल तर काही नाही, मधूनच छपरावरून बर्फाची लादी घसरून धप्पकन पडायची तेवढीच. आत कुकरच्या शिट्ट्या, चुलीच्या धुराड्यात घोंघावणारा वारा, आणि आईचं एकसारखं बोलणं. ब्रेड पहिल्या दिवशी संपला, दूध दुसऱ्या दिवशी. आईचं त्यावाचून काही अडलं नाही. तिनं थालीपिठं लावली, मेतकूट-भात केला, पिठलं केलं, आणि आल्याचा कोरा चहा सतत उकळत ठेवला. ती त्या तीन दिवसांत अगदी खुशीत होती, कारण तिच्याशी बोलायला मी कुठे पळून जाऊ शकत नव्हते. मी मात्र भिंतीवर डोकं आपटायच्या बेतात होते. सोमवारी हॉस्पिटलची गाडी आली नाही, माझ्या छतावर दिवे सरकले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी कूस बदलली आणि झोपले.

मंगळवारी उघडलं. रेडिओवर सांगितलं की खालचा रस्ता मोकळा केलाय आणि बुधवारी शाळा भरेल. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, बस. मी बाबांचे वेलिंग्टन बूट घातले, मोज्यांवरून प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि फावडं घेतलं. बर्फ उचलून फेकायचा नसतो, कंबर जाते. आधी फावड्यानं चौकोन कापायचा, ढोकळ्याच्या वड्या पाडतात तसा, मग ती वडी तळापासून सोडवून बाजूला सरकवायची. पहिला अर्धा तास मजा वाटते. मग हातमोजे ओले होतात, मग बोटं दुखतात, मग दुखायची थांबतात आणि तेव्हा घाबरायचं असतं. फाटकापासून वळणापर्यंतची दहाबारा पावलं मी तीन तासांत मोकळी केली. खडी दिसायला लागली. फावडं खडीवर खरखरलं की मला इतकं बरं वाटायचं की मी मुद्दाम दोनदा खरवडायचे. तळहाताला दोन फोड आले होते, एक फुटलाही होता. मी जेवायला आत गेले, पिठलं-भाकरी खाल्ली, आणि परत बाहेर आले तर वरून ट्रॅक्टर खाली उतरत होता.

थ्वेट यांनी वाट वरपासून खालपर्यंत एका दमात काढली. पात्यापुढचा सगळा बर्फ वळणाशी आला आणि आमच्या फाटकाच्या तोंडावर, मी तीन तास खरवडलेल्या जागेवर, छातीएवढा ढीग होऊन पडला. मी फाटकाच्या आत फावडं घेऊन उभी होते. मी ओरडले. ट्रॅक्टरच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नसेल, किंवा आलंही असेल. त्यांनी वळून बघितलं नाही. ट्रॅक्टर तसाच घरघरत वर गेला. मी आत येऊन रडले. आई म्हणाली, उद्या आपण दोघी काढू, त्यात काय. मला तिचाही राग आला. ज्या माणसाला राग येत नाही त्याच्यासमोर रडण्यात काही अर्थ नसतो.

त्याच संध्याकाळी दार वाजलं. चार वाजून गेले होते, अंधारायला लागलं होतं, आणि आई आत देवापाशी निरांजनाची वात नीट करत होती. मी पोर्चचं दार उघडलं तर थ्वेट. टोपी हातात. चार वर्षांत ते आमच्या दाराशी पहिल्यांदाच आले होते. ते माझ्याशी न बोलता माझ्या मागे अंधारात कुणी मोठं माणूस आहे का ते बघत होते. मग त्यांनी एका दमात सांगितलं. वळणावर ट्रॅक्टरनं बर्फ निघाला पण खाली पातळ थर उरलाय, रात्रीतून त्याची काच होणार. कौन्सिलची मिठाची पिवळी पेटी रिकामी आहे, त्यांचं स्वतःचं मीठ संपलं, चुलीतली राख टाकून झाली. जीप शुक्रवारपासून गावातल्या गॅरेजमध्ये अडकलीय. बायकोचा सोमवारचा डायलिसिस चुकलाय, उद्याचा चुकून चालणार नाही. गाडीवाला म्हणतो, वळणावर मीठ असेल तरच वर येतो. एक पोतं मिळेल का, शनिवारी परत आणून देतो. हे सगळं बोलताना त्यांची नजर माझ्या पायांपाशी होती, आणि तिथे फळीवर दोन पोती होती, एक अर्धं आणि एक न उघडलेलं.

आतून आईनं विचारलं, कोण आहे, काय म्हणतायत. मी सांगितलं, थोटे आहेत, मीठ मागतायत, उद्या त्यांच्या बायकोला हॉस्पिटलला न्यायचंय. आई निरांजन हातात घेऊनच मधल्या दारापर्यंत आली. ती काय म्हणाली ते मला आजही तिच्या स्वरासकट आठवतं.

“अगं बाई, नेमकी दिवेलागण झाली. आत्ता आपल्या हातानं मीठ द्यायचं नसतं. त्यांना म्हणावं, पोती इथंच आहेत, तुमच्या हातानं हवं तेवढं उचला. आम्ही दिलं नाही, तुम्ही नेलं. दोन्ही न्या म्हणावं.”

एवढं बोलून ती थोटे यांच्याकडे बघून हसली, आणि पाठ फिरवून देवाकडे गेली. पाठ फिरवणं हा त्या देण्याचाच भाग होता. कोल्हापूरच्या काकूंना ते कळलं असतं.

थ्वेट माझ्याकडे बघत होते. माझ्या तळहाताचा फोड ठणकत होता. ते म्हणाले, काय म्हणाल्या आई?

“मम सेज नो,” मी म्हटलं. “शी डझन्ट गिव्ह सॉल्ट आफ्टर डार्क.”

यातला प्रत्येक शब्द आईच्या बोलण्यातून उचललेला होता, हे मला लगेच कळलं, आणि ते कळल्याचा मला आनंदही झाला. खोटं बोलले असं कुणी म्हणू शकलं नसतं. त्यांना पहिल्यांदा वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी पोत्यांकडे बघितलं, मग आत देवाच्या दिव्याकडे, आईच्या पाठीकडे. उचलायला वाकले असते तर मी अडवलं नसतं, पण दुसऱ्याच्या दारातली वस्तू उचलणारे ते नव्हते. त्यांनी टोपी घातली. मी दार लावलं. मला फार बरं वाटलं. हे वाक्य मी चार वेळा खोडलं आणि परत लिहिलं, कारण ते तसंच आहे. मी आईला सांगितलं, ते गेले. जेवताना मी दोन वाट्या आमटी प्यायले.

सकाळी आई माझ्याआधी उठली. पोर्चमधली पोती जागच्या जागी बघून तिनं मला हलवून उठवलं. वैजू, पोती इथंच कशी? मी पांघरुणातून म्हटलं, त्यांना नको झाली, म्हणाले पुरेल माझ्याकडे. ती काही बोलणार तोच बाहेर वळणाच्या बाजूनं आवाज आला. किंकाळी म्हणावी असा नव्हता. कुणी दमून जरा मोठ्यानं श्वास सोडावा तसा, आणि मग एका पुरुषाचं तेच तेच नाव घेणं. आई साडीवर बाबांचा कोट चढवून, पायात कालचे ओले वेलिंग्टन घालून धावली. मी मागोमाग गेले. गाडी खाली रस्त्यावरच थांबली होती, तिचे दिवे बर्फावर पडले होते. थ्वेट बायकोला धरून वरून चालत आणत होते आणि आमच्या फाटकाशी, ढिगाच्या कडेला, तिचा पाय घसरला. ती एका कुशीवर पडली होती. तिच्या अंगावर तिचा चांगला कोट होता आणि डोक्याला रेशमी रुमाल. हॉस्पिटलला जाताना ती नेहमी नीट तयार होऊन जायची. खालून ड्रायव्हर चढत येत होता आणि दर दोन पावलांना घसरत होता.

आई परत पोर्चकडे पळाली. अर्धं पोतं तिनं ओढत आणलं, जड होतं, ओढवेना तेव्हा ओंजळीनं मीठ काढून कोटाच्या ओच्यात घेतलं, आणि त्या दोघांच्या पुढे वाकून वाटेवर टाकत सुटली. तांदूळ पेरावेत तशी मुठीमुठीनं, उलट्या पावलांनी, खालपर्यंत. तोंडानं काहीतरी म्हणत होती, बहुधा देवाची क्षमा मागत होती. पायाखाली मीठ तुडवणारी ती आई मी पहिल्यांदाच बघितली. इतक्या थंडीत बर्फावर टाकलेलं मीठ लगेच काही करत नाही. खडे तसेच तपकिरी पडून राहिले, पण त्यांच्यावर बूट जरा तरी धरत होता. ड्रायव्हर आणि थ्वेट यांनी आमच्या स्वयंपाकघरातली खुर्ची आणून तिला तीत बसवलं आणि दोघांनी उचलून खाली नेलं. ती कण्हत नव्हती. माझ्यासमोरून गेली तेव्हा तिनं सवयीनं हात वर केला.

गाडीचं दार लावून थ्वेट परत खुर्ची घेऊन वर आले. ती त्यांनी आमच्या फाटकात ठेवली. आई तिथेच उभी होती, हात मिठानं तडकलेले, चेहऱ्यावर अजून धाप. ते तिच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले,

“यू आर अ हार्ड वुमन, मिसेस.”

आणि खाली गेले. आईनं माझ्याकडे बघितलं. काय म्हणाले गं?

“थँक्यू म्हणाले,” मी म्हटलं.

आईचा चेहरा उजळला. ती त्यांच्या पाठीकडे बघून मराठीतच म्हणाली, अहो त्यात काय, शेजारधर्म आहे.

बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होत्या आणि परत आल्या त्या वॉकरचा आधार घेत. आईनं रव्याचे लाडू करून डबा वर पाठवला, म्हणजे मला पाठवलं. मी तो त्यांच्या पायरीवर ठेवून पळाले. दुसऱ्या दिवशी डबा आमच्या फाटकाच्या खांबावर होता, न उघडलेला. आईला त्याचा अर्थ लागेना. आजारपणात गोड चालत नसेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि लाडू मला शाळेत न्यायला दिले. वसंतात थ्वेट यांनी मेंढ्या विकल्या आणि शेत विकलं. ज्या बाईला आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलला न्यायचंय तिला आता त्या वाटेनं उतरवणं शक्य नव्हतं. ते गावात, रस्त्यालगतच्या एका बैठ्या घरात राहायला गेले. त्यांचा जन्म वरच्या घरात झाला होता. ती तशीही पडली असती, मीठ टाकूनही पडली असती, थंडीच तेवढी होती, हे मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की त्याचा आता काही परिणाम होत नाही.

गोष्ट गावात पसरली होती, फक्त आम्हाला शेवटी कळली. कारखान्यात कुणीतरी बाबांना हसत विचारलं, तुझी बायको अंधार पडल्यावर मीठ देत नाही म्हणे? बाबा घरी आले ते दारातूनच ओरडत. इतकं शिकलेलं घर, इंग्लंडात येऊन पंधरा वर्षं झाली, आणि तुझी ही भटाभिक्षुकांची खुळं अजून चालूच, एका आजारी बाईचं हाड मोडलंस. ते आईला इतकं टाकून कधी बोलले नव्हते. आई म्हणाली, पण मी तर न्या म्हटलं होतं, वैजूला विचारा. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी सांगितलं, त्यांना नीट कळलं नसेल. बाबा म्हणाले, कळणार कसं, असल्या गोष्टी कुठल्या भाषेत कळतात? आईनं ओट्यावरचा मिठाचा डबा झाकला. मग म्हणाली, खरंय, मीच सरळ उचलून द्यायला हवं होतं. त्या दिवसापासून तिनं ते नियम सोडले. कुणी कधीही मागो, ती मीठ हातावर द्यायची, देताना जरा डोळे मिटायची. बाबा गेले तेव्हा सांत्वनाला आलेल्यांनाही तिनं ही गोष्ट सांगितली, स्वतःला दोष देत, माझ्या देखत. मी चहाचे कप गोळा करत होते.

आता ती शहाऐंशीची आहे आणि माझ्याकडे राहते. डोळे अधू झालेत, म्हणून मी माझ्या आठवणींची ही प्रकरणं लिहून झाली की तिला वाचून दाखवते. स्लाऊचं प्रकरण ऐकून ती खूप हसली होती. हे प्रकरण, बाबा ओरडले तिथपर्यंतचं, मी तिला गेल्या महिन्यात वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर ते वाचून दाखवता यावं म्हणूनच लिहिलं, तोंडानं सांगायचा धीर मला झाला नसता. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, बाईंचा रुमाल हिरवा होता. मी वाट बघत राहिले. ती म्हणाली, झोप येतेय, दिवा घालव. मला वाटलं, वय झालंय, तिनं सोडून दिलं. मी दोन दिवस अगदी हलकी हलकी फिरत होते.

पंधरा दिवसांनी तिची पोटदुखीसाठी तपासणी होती. मी रजा काढून तिला घेऊन गेले, नेहमीप्रमाणे फॉर्म भरला, आत जाऊन तिच्या शेजारची खुर्ची ओढली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही मुलगी ना, तुम्हीच सांगाल का? मी हो म्हणेपर्यंत आईनं मांडीवरची पर्स घट्ट धरली आणि सरळ त्यांच्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली,

“नॉट हर.”

मी हसून म्हटलं, आई, असं काय. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दुभाषी द्यायची त्यांच्याकडे सोय असते, फोनवरून. डॉक्टरीणबाईंनी नंबर फिरवला, स्पीकर लावला, आणि दहा मिनिटांनी एक बाई बोलायला आल्या, बोलण्यावरून नागपूरकडच्या. आईनं त्यांना आधी विचारलं, मी बोलते ते सगळं सांगाल ना? त्या म्हणाल्या, शब्दन् शब्द सांगते आजी, काळजी करू नका. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पोट कधीपासून दुखतंय. मी फॉर्मवर दिवाळीपासून असं लिहिलं होतं, मला तिनं तेच सांगितलं होतं.

“दोन वर्षं झाली,” आई फोनकडे वाकून म्हणाली. “मुलीला बोलले नाही. ती पुढे काय सांगेल त्याचा नेम नाही.”

आणि फोनवरच्या बाईंनी तेही, शब्दन् शब्द, इंग्रजीत सांगितलं.